शेताची राखण आणि शस्त्रांचा कायदा

पीक उभें करणें आणि पीक घरांत आणणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें शेतकरी वाचकांस सांगावयास नकोच. नांगरणी, लावणी, बेणणी हीं सर्व कामें यथासांग होऊनहि, भात निसवल्यापासून तें खळ्यावर येईपर्यंतच्या थोड्या आठवड्यांत रानडुकरांचा एक कळप एका रात्रींत वर्षाची मेहनत मातीस मिळवूं शकतो. म्हणून राखण हा शेतीचाच एक भाग आहे; आणि राखणीचीं साधनें कोणतीं असावींत हा प्रश्न जितका पोलीस खात्याचा तितकाच शेतीचाहि आहे. दुर्दैवानें आपल्या देशांत शस्त्रांसंबंधीं जे कायदे झाले, ते करतांना राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढें बंडखोर होता, दरोडेखोर होता, चोरटा शिकारी होता. शेतकरी फारसा नव्हता. या विस्मरणाचे परिणाम कोणी योजिलेले नव्हते, तरी ते घडून आले आणि आजहि घडत आहेत. ते कोणते, आणि त्यांवर कांहीं उपाय आहे कीं नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

चिंचोटीचें उदाहरण

विचारास आधार म्हणून एखादें ठिकाण डोळ्यांपुढें असावें, यासाठीं पालघर जिल्ह्यांतील वसई तालुक्याचें चिंचोटी घेऊं. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कामण व भिवंडीकडे जाणारा रस्ता जेथें फुटतो, तेथें हें गांव आहे. पश्चिमेस वसईची प्रसिद्ध बागाईत, म्हणजे केळी, पानवेली व फुलझाडें यांचा प्रदेश; दुसऱ्या अंगास तुंगारेश्वराच्या डोंगराचें दाट रान, आणि त्याच रानांतून उतरणारा चिंचोटीचा धबधबा. पायथ्याशीं भाताचीं खाचरें, चढावर नाचणी-वरीची वरकस जमीन, आणि भात निघाल्यावर ओलीवर होणारे वाल, ही या पट्ट्याची जुनी शेती. वारली, कातकरी, मल्हार कोळी अशा आदिवासी कुटुंबांचा निर्वाह याच शेतीवर व रानावर चालत आलेला आहे.

गेल्या कांहीं वर्षांत या पट्ट्याभोंवतीं सरकारी व्यवस्थेच्या अनेक रेघा ओढल्या गेल्या. २००३ सालीं तुंगारेश्वर अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ८५ चौरस किलोमीटर आहे. २००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०१४ च्या ऑगस्टांत ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला. १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालें. यांतील प्रत्येक बदलास त्याचें स्वतःचें सबळ कारण होतें. परंतु डोंगराच्या कडेस ज्याचें दहावीस गुंठ्यांचें खाचर आहे, त्याच्या राखणीशीं या रेघांचा किती निकट संबंध येतो, हें पुढें दिसून येईल.

डोंगरालगतच्या शेतीस उपद्रव देणाऱ्या जनावरांत रानडुक्कर पहिलें. तें रात्रीं निघतें, कळपानें येतें, आणि जेवढें खातें त्याहून अधिक तुडवितें व उकरतें. मादीस एका वेतांत बरींच पिलें होतात, त्यामुळें कळपाची संख्या झपाट्यानें भरून निघते. त्याखालोखाल माकडें व वानर, आणि कंदमुळांस साळिंदर. राखणीचीं जुनीं साधनें सर्वांस ठाऊकच आहेत: माळा, गोफण, पत्र्याचा डबा, हाळी, शेकोटी, कुत्रा आणि बुजगावणें. परंतु डुक्कर हें हुशार जनावर आहे. आवाजामागें इजा नाहीं हें एकदां कळलें कीं तें आवाजास भीत नाहींसें होतें. गांवांत एखादी ठासणीची बंदूक असली तर तिनें पडणारीं जनावरें थोडींच. तथापि बार निघतो आणि बाराबरोबर कधीं एखादें जनावर पडतें, एवढी ओळख कळपास असली म्हणजे डब्यासहि धाक राहतो आणि हाळीसहि धाक राहतो. बंदुकीचें शेतांतील खरें काम हें आहे. तें शिकारीचें नव्हे, राखणीचें आहे.

१८७८ चा कायदा

१८५७ च्या उठावानंतर लोकांस निःशस्त्र करण्याचें धोरण इंग्रज सरकारनें स्वीकारलें, आणि लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हिंदुस्थानचा शस्त्रांचा कायदा झाला. त्याच सालीं देशी वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदाहि लिटननेंच केला. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या अमदानींत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा जाण्यास मात्र स्वराज्य मिळाल्यावरहि पंधरा वर्षें लागलीं. बंदूक बाळगण्यास परवाना हवा, आणि तो देणें न देणें अधिकाऱ्याच्या मर्जीवर, असें त्याचें स्वरूप होतें. युरोपियनांस आरंभीं या बंधनांतून मोकळीक होती. पिकांस व गुरांस उपद्रव करणाऱ्या जनावरांचा नाश करण्यासाठीं परवाने देण्याची सोय होती खरी. पण कचेरीपर्यंत जाऊन, अर्ज लिहवून घेऊन, साहेबाची खात्री पटविण्याची ऐपत ज्यास होती त्यासच ती उपयोगी पडणार. डोंगरांतील वारली किंवा कातकरी शेतकऱ्यापाशीं ती ऐपत कोठून असणार?

बरें, ज्या हेतूनें कायदा झाला तो हेतु तरी साधला काय? कायद्यास वर्ष होतें न होतें तोंच, १८७९ च्या फेब्रुवारींत, वासुदेव बळवंत फडके यांनीं पुणें जिल्ह्यांत सशस्त्र उठाव केला. १८९७ सालीं चाफेकर बंधूंनीं पुण्यांत रँडवर गोळी झाडली. १९०९ च्या डिसेंबरांत नाशकास कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला, तो लंडनहून गुप्तपणें आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलानें. या घटनांचें राजकीय मूल्यमापन हा आमचा विषय नव्हे. एवढेंच दिसतें कीं ज्यांस शस्त्र मिळवावयाचेंच होतें त्यांनीं तें मिळविलें, आणि ज्यांस केवळ भाताचें खाचर राखावयाचें होतें ते रिकाम्या हातीं राहिले. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, अशांतला हा प्रकार झाला.

राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध वेळोवेळीं आवाज उठविला. महात्मा गांधींनीं १९३० च्या जानेवारींत सरकारपुढें ज्या अकरा मागण्या ठेविल्या, त्यांत लोकप्रतिनिधींच्या नियंत्रणाखालीं आत्मसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्यावेत ही एक होती. अहिंसेच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यानें ती करावी हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९३१ च्या कराची अधिवेशनांतील मूलभूत हक्कांच्या ठरावांतहि नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आला. पुढें १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क राज्यघटनेंत घालावा अशी सूचना मांडली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो चोरदरोडेखोरांसहि मिळेल, ही त्यांची हरकत होती, आणि ती निराधार नव्हती. सूचना नामंजूर झाली. परवान्याची पद्धत राहणार हें ठरलें. राहिलें तें एवढेंच कीं परवाना देतांना शेतकऱ्याच्या गरजेचें मोजमाप नीट व्हावें.

ठासणीची बंदूक आणि कोंकणचा पाऊस

१९५९ सालीं नवा शस्त्र अधिनियम संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलांत आला. त्याच्या कलम १३ मध्यें शेतकऱ्याचें नांव नसलें तरी त्याचें काम आलेलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास परवाना द्यावा असें तें कलम सांगतें. ठासणीच्या बंदुकीनें भागत नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभाहि त्यांत आहे.

हेतु चांगला, पण साधन कोणतें निवडलें तें पाहावें. ठासणीच्या बंदुकींत दारू, बोळा व छरे नळीच्या तोंडांतून गजानें ठासावे लागतात आणि वर टोपी बसवावी लागते. एक बार काढल्यावर दुसरा भरीपर्यंत कळप शेताबाहेर गेलेला असतो. त्यांतहि कोंकणांत भात उभें असतें तें पावसाळ्यांत. दमट हवेंत दारू सर्द होते आणि बार फुसका जातो. निघालाच तर त्यानें डुक्कर मरण्यापेक्षां जखमी होण्याचा संभव अधिक, आणि जखमी डुकरासारखें धोक्याचें जनावर रानांत दुसरें क्वचितच असेल. शहरांत दुरुपयोग होऊं नये म्हणून कमींत कमी घातक असें हत्यार कायद्यानें शेतकऱ्यास देऊं केलें. त्याचा परिणाम असा कीं, ज्या ऋतूंत त्याची गरज त्याच ऋतूंत तें सर्वांत कुचकामी ठरतें.

पुढील सुधारणांतहि शेताचा विचार अपुराच राहिला. २०१६ च्या शस्त्र नियमांनीं परवाना मागणाऱ्यास सुरक्षिततेचें शिक्षण आवश्यक केलें. तें योग्यच आहे. परंतु डोंगराकडेच्या खातेदारास असें शिक्षण तालुक्याच्या गांवीं मिळावें अशी सोय झाल्याशिवाय हा नियम अडसर बनतो. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें केली, ही सवलत झाली. त्याच दुरुस्तीनें बिनपरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा वाढवून ती दोन ते पांच वर्षें कैद व दंड अशी केली. कायदा करणाऱ्यांपुढें गुन्हेगारांच्या टोळ्या होत्या यांत शंका नाहीं. परंतु बाप वारल्यावर त्याची आढ्याला टांगलेली जुनी बंदूक ज्याच्या घरांत राहिली, आणि परवाना वारसाच्या नांवें करून घेण्याचें ज्यास कळलें नाहीं किंवा जमलें नाहीं, तो अडाणी शेतकरीहि याच कलमाखालीं येतो. शिक्षा जितकी कडक तितका असा मनुष्य ती बंदूक घेऊन पोलीस ठाण्यावर जाण्यास कचरणार. नोंदींत यावयाची बंदूक नोंदीबाहेर राहते, ती अशी.

बंदूक आहे, बार नाहीं

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. वाघ, माळढोक व इतर अनेक प्राणी नामशेष होऊं लागले होते. त्या कायद्याची देशास गरज होती, आणि त्यानें पुष्कळ भलें केलें आहे. त्यानें शिकारीस बंदी केली, पण शेतीचा विचार सर्वस्वी सोडला नाहीं. कलम ११ अन्वयें, जीवितास किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक झालेलें ठराविक वर्गांतील जनावर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी देऊं शकतो. आत्मसंरक्षणार्थ सद्भावनेनें जनावर मारल्यास तो गुन्हा होत नाहीं. मारलेलें जनावर मात्र सरकारी मालमत्ता. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं शासन निर्णय काढून रानडुक्कर व रोही यांच्याबाबत परवानगीची रीत पुष्कळ सोपी केली.

आतां या दोन कायद्यांचा मेळ कसा बसतो तें पाहूं. बंदुकीचा परवाना देणारें खातें एक, आणि ती डुकरावर झाडण्याची परवानगी देणारें खातें दुसरें. परवानगी आहे पण बंदूक नाहीं, किंवा बंदूक आहे पण परवानगी नाहीं, असा प्रसंग यांतून सहज उद्भवतो. पीक मात्र दोन्ही कागद एकत्र येईपर्यंत थांबत नाहीं.

अभयारण्याच्या कडेस तर याहूनहि अवघड स्थिति आहे. वन्यजीव अधिनियमाचें कलम ३४ असें सांगतें कीं, अभयारण्याच्या आंत किंवा त्यापासून दहा किलोमीटरांत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकानें आपली नोंद वनाधिकाऱ्याकडे करावी. आणि त्या दहा किलोमीटरांत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवांचून नवा परवाना देऊं नये. हेतु चोरटी शिकार थांबविण्याचा, आणि तो स्तुत्य आहे. परंतु चिंचोटी हें तुंगारेश्वराच्या अगदीं पायथ्याचें गांव. तें सबंध या वर्तुळांत येतें. म्हणजे येथील शेतकऱ्यास नवा परवाना हवा असेल तर तो आयुक्तालयाच्या हद्दींत असल्यामुळें पोलीस आयुक्तांकडे अर्ज, मुख्य वन्यजीव रक्षकाची संमति, ज्यांचें कार्यालय नागपुरास आहे, आणि हें सर्व झाल्यावर प्रत्यक्ष डुक्कर मारण्यापूर्वीं वनखात्याची लेखी परवानगी, अशा तीन दारांवर त्यास उभें राहावें लागतें. रानापासून शंभर मैलांवर राहणाऱ्या, ज्याच्या दारीं डुक्कर कधीं आलें नाहीं, अशा मनुष्यास यांतील एकच दार आहे. ज्यास गरज अधिक त्यास अडथळे अधिक, अशी ही उलटी मांडणी कोणी बुद्ध्या केलेली नाहीं. दोन निरनिराळ्या हेतूंनीं केलेले कायदे एकाच बांधावर येऊन भिडले, आणि त्या बांधाचा विचार दोघांनींहि केला नव्हता.

निवडणूक आणि कापणी

परवान्याच्या बंदुका ज्यांच्यापाशीं आहेत त्यांची एक वेगळी तक्रार आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरी या जिल्ह्यांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आजहि पुष्कळ आहेत. निवडणुकीची आचारसंहिता लागली कीं त्या पोलीस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम निघतात. मतदान शांतपणें व्हावें हा हेतु उघड आहे. पण गेल्या चार विधानसभा निवडणुकांच्या तारखा पाहाव्या: १३ ऑक्टोबर २००९, १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. आचारसंहिता त्यापूर्वीं महिनाभर किंवा अधिक लागते. म्हणजे दाणा भरण्यापासून कापणी-झोडणीपर्यंतचा जो काळ, नेमका त्याच काळांत राखणीची बंदूक ठाण्याच्या कोठडींत असते. दर पांच वर्षांनीं निवडणूक येते ती भाताच्याच तोंडावर, हें पंचांगावरून कोणासहि दिसलें असतें.

याबाबत मुंबई उच्च न्यायालयानें २००९ सालीं सरसकट सर्वांच्या बंदुका जमा करून घेण्याची पद्धत नापसंत केली, आणि छाननी समितीनें प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून आवश्यक तेथेंच बंदूक जमा करावी, असें धोरण निवडणूक आयोगानेंहि घातलें. नियम असा असतांना शेतकऱ्यांनीं तो माहीत करून घ्यावा, आणि आचारसंहितेपूर्वींच आपापल्या संस्थेमार्फत समितीपुढें लेखी अर्ज ठेवावा, हें बरें.

मोकळी जागा कशानें भरली

आतां सर्वांत महत्त्वाच्या परिणामाकडे वळूं. बंदूक दुर्मिळ झाली म्हणून शेतांतून हत्यार नाहींसें झालें काय? तसें झालें असतें तर या लेखाचें कारणच नव्हतें. भुकेलेल्या कळपापुढें हात जोडून बसणारा शेतकरी कोठेंच नाहीं. बंदुकीच्या जागीं तीन हत्यारें आलीं: विजेची तार, गांवठी बाँब आणि तारेचा फासा. तिन्हींस परवाना मिळत नाहीं, तिन्ही बेकायदेशीर आहेत, आणि तिन्ही गुपचूप चालतात.

बंदूक झाडणाऱ्या मनुष्यास निदान समोर काय आहे तें पाहावें लागतें. तार पाहत नाहीं. घरच्या पुरवठ्याचा २३० व्होल्टांचा अखंड प्रवाह शेताभोंवतींच्या उघड्या तारेंत सोडला, कीं तिला डुक्कर, वाघ, शेजाऱ्याची म्हैस आणि पहाटे पाण्याचें दार उघडावयास निघालेला घरचाच मुलगा हीं सर्व सारखींच. विदर्भांत २०१७ सालीं चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड भागांत ‘श्रीनिवास’ नांवानें ओळखला जाणारा तरुण वाघ अशाच तारेनें मेला. त्याच सालीं ब्रह्मपुरीहून आणून बोरच्या रानांत सोडलेली एक वाघीणहि वर्धा जिल्ह्यांत तशीच दगावली. माणसेंहि अशा तारांवर मेलीं आहेत, आणि तार लावणारे शेतकरी मनुष्यवधाच्या आरोपाखालीं तुरुंगांत गेले आहेत. केरळांत २०२० च्या मे महिन्यांत पालघाट जिल्ह्यांत एक गर्भार हत्तीण फळांत भरलेल्या स्फोटकानें तोंड फाटून नदींत उभ्या उभ्या मेली. तशीं फळें तिकडे रानडुकरांसाठीं ठेवीत असत. आपल्याकडेहि गांवठी बाँब चावून कुत्र्यांचे व गुरांचे जबडे फुटतात, हें खेड्यांतील वाचकांस ठाऊक आहे. फासा तर सर्वांत मुकाट. डुकरासाठीं मांडलेल्या फासांत बिबट्या अडकतो; आणि तुंगारेश्वराच्या रानांत बिबट्या आहे. डुकराचीं पिलें व वानर यांवर ज्याची उपजीविका तोच मेल्यावर त्यांची वाढ रोखणारा कोण? शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार फासांत संपतो आणि पुढच्या वर्षीं कळप मोठा होऊन येतो.

परवान्याच्या बंदुकीवर क्रमांक असतो, तिचा बार गांवास ऐकूं जातो, काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो. ती झाडणारा कोण हें सर्वांस ठाऊक असतें, म्हणून तो जबाबदार असतो. तारेस आवाज नाहीं, क्रमांक नाहीं आणि हिशेबहि नाहीं. उघड व जबाबदार साधन ज्या मानानें दुष्प्राप्य होतें, त्या मानानें गुप्त व बेजबाबदार साधन बळावतें. शस्त्रांच्या कायद्यास माणसाचा जीव वांचवावयाचा होता आणि वन्यजीवांच्या कायद्यास जनावराचा. दोहोंच्या मधल्या फटींतून जी तार आली ती दोघांचाहि जीव घेते.

दुसरी बाजू

येथें कोणी म्हणेल कीं, मग प्रत्येक शेतकऱ्यास बंदूक द्यावी असें तुमचें म्हणणें आहे काय? तसें मुळींच नाहीं. चिंचोटीपुरतेंच बोलावयाचें तर महामार्गावर गोदामें व कारखाने उभे राहिले आहेत, पावसाळ्यांत धबधब्याकडे शहरांतून माणसें येतात, वस्ती डोंगरास भिडली आहे. अशा ठिकाणीं रात्रीं अंधारांत ज्यानें त्यानें बार काढणें भयंकर होईल. शेतीच्या नांवानें परवाना घेऊन सशाभेकराची चोरटी शिकार करणारे लोकहि आहेत, आणि बांधाच्या भांडणांत घरांत बंदूक नसावी हेंच बरें. परवाना हवा, शिक्षण हवें, नोंद हवी, वनखात्याचा डोळाहि हवा. आमचें म्हणणें एवढेंच कीं, बंधन घालणाऱ्या कायद्यानें ज्याच्यावर बंधन पडतें त्याची गरज दुसऱ्या कोणत्या मार्गानें भागवावयाची तेंहि त्याच कागदावर लिहावें. तें न लिहिल्यास मनुष्य आपला मार्ग आपण काढतो, आणि तो मार्ग बहुधा वाईट असतो.

काय करतां येईल

इतरत्र या प्रश्नाचे कांहीं विचार झाले आहेत. कर्नाटकांतील कोडगु प्रांतांत कोडव लोकांस व जम्मा जमिनीच्या धारकांस इंग्रजी अमलापासून परवान्याच्या अटींतून सूट आहे. २०१९ सालीं केंद्र सरकारनें ती २०२९ पर्यंत वाढविली. जातीवर व जमिनीच्या प्रकारावर ठरणारी अशी सूट आपण मागावी असें नाहीं. परंतु स्थळ पाहून नियम निराळा करतां येतो, एवढें यावरून सिद्ध होतें. केरळ सरकारनें २०२२ सालीं रानडुकरें मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खालीं आणला. तेथें पुढें अडचण आली ती परवानाधारक नेमबाज पुरेसे नसण्याची. अधिकार खालीं आला, साधन आलें नाहीं. जर्मनींत तर जमीनमालकांची शिकारविषयक सहकारी संस्था कायद्यानेंच असते. शिकारीचा हक्क ती संस्था भाड्यानें देते, आणि रानडुकरांनीं केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई संस्थेवर किंवा करारान्वयें भाडेकरूवर पडते. हक्क व भरपाई एकाच्याच गळ्यांत असल्यामुळें कळप किती वाढूं द्यावा याची काळजी त्यास आपोआप लागते.

या सर्वांचा विचार करून आमच्या सूचना थोडक्यांत अशा आहेत. अभयारण्यालगतच्या गांवांत व्यक्तीव्यक्तीस परवाना देण्यापेक्षां, गांवाच्या शेतकरी संस्थेनें सुचविलेल्या, शिक्षण घेतलेल्या दोनचार माणसांस परवाना द्यावा. त्यांची नांवें पोलीस व वनखातें या दोघांच्याहि वहींत असावींत. आणि परवान्याचा अर्ज व वनखात्याची संमति या गोष्टी एकाच कचेरींत, ठराविक मुदतींत उरकाव्या. ज्यांच्या घरांत बापआज्याच्या जुन्या बंदुका राहिल्या आहेत त्यांस, अमुक तारखेपर्यंत त्या स्वतः हजर केल्यास खटला होणार नाहीं, अशी एकवार मुभा द्यावी. निवडणुकीच्या छाननींत शेतीसंरक्षणाच्या परवान्यांचा वर्ग वेगळा धरावा.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. विजेचें कुंपण हवेंच असेल तर सौर झटका यंत्राचें कुंपण घ्यावें. त्यांत प्रवाह अखंड नसतो. सुमारें एका सेकंदाच्या अंतरानें अत्यंत क्षणिक झटका येतो, त्यानें जनावर दचकून मागें फिरतें पण मरत नाहीं. दोन्ही प्रकारांस लोक ‘करंटाचें कुंपण’च म्हणतात, म्हणून हा भेद घरांतील मुलाबाळांसहि समजावून सांगावा: घरच्या मीटरवरून तारेंत सोडलेला प्रवाह मारतो, झटका यंत्र हटवितें. एकट्याचें खाचर कुंपणानें वांचत नाहीं, कारण कळप शेजारच्या बांधावरून येतो. सलग पट्ट्यास एकच कुंपण घातलें तर खर्चहि वांटला जातो. गवत वाढून तारेस लागलें कीं झटका जमिनींत जातो, म्हणून कुंपणाखालचें गवत दर आठवड्यास काढावें. नुकसान झाल्यास तें सांवरण्यापूर्वीं वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाई थोडी मिळते, उशिरां मिळते, ही तक्रार खरी आहे. पण ज्या नुकसानीची नोंद नाहीं तें सरकारदरबारीं घडलेलेंच नसतें, आणि परवानगीचा अर्ज करतांना जुने पंचनामेच पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या शेतांत आज रात्रीं उघडी तार असेल, तर ती त्यानें आजच काढावी, एवढी विनंती आहे. कायद्याच्या चुकीचें प्रायश्चित्त शेजाऱ्याच्या मुलानें घ्यावें हें कोणासच नको आहे. कायदा सुधारून घेण्याचें काम मात्र एकट्यादुकट्याचें नव्हे, संस्थेचें आहे. आणि तें करण्यासाठीं प्रत्येक गांवच्या संस्थेनें आपल्या हद्दींत किती क्षेत्राचें नुकसान झालें, किती अर्ज गेले, आणि किती अर्जांस उत्तर आलें, याची साधी वही या हंगामापासून ठेवण्यास आरंभ करावा. अशा पन्नास गांवांच्या वह्या एकत्र आल्या, तर पुढचा कायदा करणाऱ्यांपुढें बंडखोर, दरोडेखोर व चोरटा शिकारी यांच्या जोडीला शेतकऱ्याचें खाचरहि येईल.